देवाचे वचन पूर्ण ऐकू या



आज आम्हाला एक चूक कबूल करायची आहे. ती आम्हा चौघांची आहे. आम्ही चौघे सीमाभागातल्या एका लहानशा धर्मग्रामात वाचक म्हणून सेवा करतो. रविवारच्या मराठी मिस्सेत पहिले व दुसरे वाचन कोण करणार ते ठरवणे, वाचनग्रंथात फीत लावून ठेवणे, माईक तपासणे, आणि आठवड्यातून एकदा एखाद्या घरी लहान ख्रिस्ती समूहाची सभा भरते तिथे येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचून चिंतन घेणे, एवढे आमचे काम. काम लहान आहे. पण देवाचे वचन लोकांच्या कानापर्यंत पोहोचण्याआधी ते आमच्या हातातून जाते, आणि यंदा नेमके तिथेच आमच्याकडून चुकले.

१५ फेब्रुवारी २०२६ रोजी सामान्य काळातील सहावा रविवार होता. वर्ष 'अ' असल्यामुळे त्या दिवशी संत मत्तयच्या पाचव्या अध्यायातले शुभवर्तमान होते. डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग आपल्या ओळखीचा आहे. खून करू नका एवढ्यावर प्रभू येशू थांबत नाही, रागालाही हात घालतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला तो सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, समेट कर आणि मग परत ये.

वाचनग्रंथात या शुभवर्तमानाचे दोन पाठ दिलेले आहेत, एक पूर्ण आणि एक संक्षिप्त. संक्षिप्त पाठात रागाविषयीचे आणि शपथेविषयीचे शब्द आहेत, पण अर्पण ठेवून जाण्याचा भाग त्यात नाही.

त्या आठवड्यात सभा ज्या घरी होती, तिथे शेजारच्या अक्का नेहमी येतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे आणि त्यांच्या जावेचे घर एकच, मध्ये एक भिंत. दोघींचे नवरे वारले आणि परसातल्या विहिरीवरून व त्या भिंतीवरून वाद सुरू झाला. तो कोर्टात गेला. अकरा वर्षे झाली, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मिस्सेला एक डावीकडच्या बाकावर बसते, दुसरी उजवीकडच्या. शांतीचे चिन्ह देताना दोघी आपापल्या बाजूच्या माणसांना नमस्कार करतात. हे सगळ्या धर्मग्रामाला ठाऊक आहे, आणि कोणी त्याविषयी बोलत नाही.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तयारीला बसलो. आमच्यातला एक म्हणाला, "अक्कांसमोर हे वाचायचे म्हणजे अवघडच. सगळे त्यांच्याकडेच बघतील." दुसरी म्हणाली, "छोटा पाठ आहे की. तोच घेऊ." तिसऱ्याने भर घातली, "फादरांनाही रविवारी छोटाच पाठ सुचवू या. मुलांचा सत्कार आहे, मिस्सा लांबेल." चौथ्याने मान डोलावली. पाच मिनिटांत ठरले. फादरांनी आमच्यावर विश्वास ठेवला. वाचनग्रंथात संक्षिप्त पाठाच्या पानावर आम्ही फीत लावली, वर एक पिवळी चिठ्ठीही चिकटवली. मनात थोडे समाधानही होते की आपण एका म्हाताऱ्या बाईची लाज राखली.

रविवारी मिस्सा वेळेत संपली. मुलांना बक्षिसे मिळाली. बाहेर मरियामातेच्या ग्रोटोपाशी अक्का आमची वाट बघत उभ्या होत्या.

"काय रे पोरांनो, ते अर्पण ठेवून जायचं, ते का सोडलासा?"

आम्ही म्हणालो, "अक्का, वेळ कमी होता. पुस्तकात छोटा पाठ दिलाय, तो घेतला."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या खेपेला ऐकलं तेव्हा रागानं घरी गेले होते मी. वाटलं, फादर माझ्याकडेच बघून वाचतायत. पण ते काही डोक्यातनं जाईना. सिस्टर म्हणाल्या, तीन वर्षांनी तेच शुभवर्तमान परत येतं. तेव्हाच ठरवलं, परत येईल त्या दिवशी कान देऊन ऐकायचं, आणि मिस्सेवरनं सरळ तिच्या दारात जायचं. आपलं आपण जायला धीर होत नव्हता रे. देवानं सांगितलं की जाईन म्हटलं. आणि तुम्ही तेवढंच सोडलासा."

मागच्या खेपेला म्हणजे १२ फेब्रुवारी २०२३ रोजी. तीन वर्षे ती बाई एका वचनाची वाट बघत होती. ते वचन आले त्या दिवशी आम्ही ते बाजूला काढून ठेवले होते.

अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घरी बायबल आहे, पण वाचता येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या कट्ट्यावर बसून पूर्ण पाठ वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. संपल्यावर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही जावा घरी. पुढचं माझं मी बघते."

पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. तीन दिवसांनी राखेच्या बुधवारी त्या दोघी नेहमीसारख्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मधली भिंत जागेवर आहे, दावाही चालू आहे. ही गोष्ट गोड शेवटाची आहे म्हणून आम्ही सांगत नाही. त्या दिवशी आमच्याविषयी जे आम्हाला कळले, त्यासाठी सांगतो.

त्या रात्री परत येताना आम्ही चौघे चर्चच्या पायरीवर बसलो. पहिल्यांदा कोणी बोलेना. मग आमच्यातला एक म्हणाला की सख्ख्या भावाला त्याने पाच वर्षांत फोन केलेला नाही. दुसरीने सांगितले की गायनमंडळातल्या एका जुन्या मैत्रिणीशी ती फक्त कामापुरते बोलते, आणि कारण आता नीट आठवतही नाही. उरलेल्या दोघांनाही आपापले काही आठवले. तेव्हा कळले की अक्कांची लाज हे निमित्त होते. अर्पण ठेवून जा हे शब्द आम्हालाच ऐकायचे नव्हते. वाचनपीठामागे उभे राहणाऱ्यांनी आपल्याला बोचणारे वचन दुसऱ्याच्या नावावर टाकले आणि त्याला दयाळूपणा म्हटले.

बंधुभगिनींनो, वचनासाठी मन खुले ठेवणे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण सहसा म्हणतो की वाचताना मन शांत हवे, प्रार्थनेची ओढ हवी, ऐकताना डोळे भरून यावेत. हे सगळे चांगलेच आहे. पण आमचे आता असे मत झाले आहे की खरी कसोटी वेगळी आहे. वचनाला आपल्या विरोधात बोलण्याची मुभा आपण देतो की नाही, ती कसोटी. जे वचन आपल्याला आधीच पटलेले आहे, त्याच्यापुढे मन खुले करायला काहीच कष्ट पडत नाहीत. जे नको तिथे लागते, त्याच्यापुढे दार उघडे राहते का, हे पाहावे लागते.

पवित्र शास्त्रात एका बाप-लेकाची गोष्ट आहे. बाप योशीया राजा. त्याच्या कारकिर्दीत मंदिराची दुरुस्ती चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला. ऐकता ऐकता योशीयाने आपली वस्त्रे फाडली, कारण त्या ग्रंथात जे सांगितले होते ते त्याच्या पूर्वजांनी पाळले नव्हते, हे त्याला कळले. त्याने हुल्दा संदेष्टीकडे माणसे पाठवून विचारले की आता आम्ही काय करावे. ही कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात आहे.

लेक यहोयाकीम राजा. त्याची कथा यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात येते. यिर्मयाने सांगितलेले शब्द बारूखाने गुंडाळीवर लिहिले होते. ती गुंडाळी राजाच्या हिवाळी महालात वाचली गेली. थंडीचे दिवस होते, समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असे करत करत सगळी गुंडाळी जळून गेली. काही सरदारांनी विनवले, त्याने ऐकले नाही. त्या वेळी राजाने किंवा त्याच्या सेवकांनी आपली वस्त्रे फाडली नाहीत, अशी नोंद शास्त्र मुद्दाम करते. ती वाचताना बापाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बापाने वचन ऐकून वस्त्रे फाडली. लेकाने वस्त्रे सांभाळली आणि वचन कापले.

आमच्या हातात चाकू नव्हता. एक पिवळी चिठ्ठी होती. पण त्या अध्यायात दिलासा देणारीही एक गोष्ट आहे. गुंडाळी जळाल्यावर देवाने यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितले. बारूखाने पहिले सगळे शब्द पुन्हा लिहिले, आणि त्यांत आणखी पुष्कळ भर पडली. माणूस वचन कापू शकतो, त्याला थांबवू शकत नाही. अक्कांच्या मनात ते तीन वर्षे जागे होते. आमच्या चिठ्ठीने त्याचे काही बिघडले नाही. फक्त आमचे उघडे पडले.

पेरणाऱ्याचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. त्यातली वाटेवरची जमीन आपल्याला नेहमी दुसऱ्या कोणाची वाटते, जे चर्चला येत नाहीत त्यांची. पण भाताच्या शेतातला बांध पाहा. सगळ्यांत कठीण माती कुठे असते? जिथून रोज चालणे होते तिथे. पडीक जमीनही पावसाने मऊ होते, पायवाट होत नाही. आम्ही वाचक, प्रशिक्षणवर्ग घेणारे, गायनमंडळातले, वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर बसणारे, आपण वचनावरून रोज ये-जा करतो. पुढचे वाक्य काय हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून ते आत जात नाही, वरच राहते, आणि पाखरे ते टिपतात. दाखल्यातली ही जमीन आपली असू शकते हे मान्य केले, तर नांगर घालायला सुरुवात होईल.

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना तर याची आठवण अधिक असायला हवी. वचन आपल्या भाषेत आपल्यापर्यंत आले, ते सहजासहजी आले नाही. गोव्यात साष्टीत येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच प्रसंग आहे की धर्मशिक्षणाच्या वेळी एका स्थानिक माणसाने फादरांकडे मागणी केली. जुनी पुराणे आता वाचता येत नाहीत, तर तशा एखाद्या ग्रंथाची सोय आमच्यासाठी करा, असा त्याच्या बोलण्याचा आशय. म्हणजे ती भूक ऐकणाऱ्याची होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराण १६५४ नंतर छापले गेले ते थेट १९०७ साली, मंगळूरला. मधल्या अडीचशे वर्षांत लोकांनी हाताने नकला करून ते जपले. एकेक ओवी उतरवून काढणाऱ्या त्या हातांनी त्यातले अवघड तेवढे गाळून टाकले असते, तर आज आपल्या हाती काय आले असते?

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना तो फारसा वाचावासा वाटत नव्हता, पण वाचेन असा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी सुरुवात केली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. आम्ही ज्यातल्या ओळी वगळल्या, तेच हे प्रवचन. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घर तुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि ते दुःख त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले. वचनाला आत घेण्याची किंमत किती असू शकते, हे त्या घराने पाहिले. आपल्याला तर कुणी घर सोडायला सांगत नाही. फक्त एक भिंत ओलांडायला, एक फोन करायला सांगितले जाते.

आता काही प्रश्न आम्हाला विचारले जातील, आणि ते रास्तही आहेत. पहिला असा की संक्षिप्त पाठ ख्रिस्तसभेनेच दिलेला आहे, मग तो घेण्यात चूक काय? चूक नाही. वृद्ध माणसे उभी असतात, लहान मुले असतात, ऐकणाऱ्यांची कुवत पाहून पाठ निवडावा म्हणूनच ती सोय आहे. निर्णय शेवटी फादरांचा असतो. आमची तक्रार पाठाविषयी नाही, आमच्या कारणाविषयी आहे. ऐकणाऱ्याला झेपावे म्हणून पाठ लहान केला तर ती सेवा झाली. ऐकणाऱ्याला लागू नये म्हणून लहान केला, तर आपण वचन आणि माणूस यांच्यामध्ये उभे राहिलो. सत्काराला त्या दिवशी वीस मिनिटे गेली. वगळलेल्या ओळी वाचायला दोन मिनिटेसुद्धा लागली नसती.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. एखाद्याच्या जखमेवर चार लोकांसमोर बोट ठेवणे ही प्रीती आहे का? नाही. आणि म्हणूनच बोट आपण ठेवायचे नाही. सभेत एखादे वचन वाचून कोणाकडे सूचक नजर टाकणे, "काही लोकांनी याचा विचार करावा" असे म्हणणे, हे वचनाचा दगड करून फेकणे आहे. असे आपल्या सभांमध्ये होते, आणि ज्यांना ते लागते ते यायचे बंद होतात. पण यावर उपाय वचन लपवणे हा नाही. उपाय हा की वचन पूर्ण वाचावे आणि प्रत्येकाने फक्त स्वतःविषयी बोलावे. माझ्या कुठे लागले, एवढेच. अक्कांना आमच्या स्पष्टीकरणाची गरज नव्हती, संरक्षणाचीही नव्हती. त्यांना वचन हवे होते. देव त्यांच्याशी बोलत होता आणि आम्ही मध्ये पडलो.

तिसरा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. पूर्ण पाठ वाचला असता तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित अक्का ऐन वेळी मागे फिरल्या असत्या. ते आमच्या हातात नव्हते आणि नसावे. पेरणाऱ्याने बी टाकावे, कोणती जमीन घेईल याचा हिशेब आधीच करून मूठ झाकू नये. दाखल्यातला पेरणारा वाटेवरही टाकतो, खडकावरही टाकतो.

शुभवर्तमान सुरू होताना आपण अंगठ्याने तीन लहान क्रूस काढतो, कपाळावर, ओठांवर आणि छातीवर. लहानपणी सिस्टरांनी शिकवले होते की वचन बुद्धीत यावे, तोंडी यावे आणि हृदयात राहावे म्हणून ही खूण आहे. आपण ती इतक्या झटपट करतो की कधी कधी माशी हाकलल्यासारखी वाटते. खरे तर ती तीन दारांची कडी काढण्याची खूण आहे. कपाळाची कडी आपण काढतो, कारण समजून घ्यायला आवडते. ओठांची काढतो, कारण बोलायला आवडते. छातीपाशी आपला हात घाईत असतो.

तिसऱ्या शतकातील ओरिजेन हा आचार्य आपल्या प्रवचनात ऐकणाऱ्यांना अशा अर्थाचे विचारतो की ख्रिस्तशरीराचा एक कणही खाली पडू नये म्हणून तुम्ही एवढे जपता, मग देवाच्या वचनाचा कण सांडला तर तो अपराध लहान कसा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज दिला, त्यातही हाच विचार आहे. ख्रिस्तसभा प्रभूच्या शरीराचा जसा मान राखते तसाच पवित्र शास्त्राचाही राखत आली आहे, आणि श्रद्धावंतांना वचन व शरीर ही दोन्ही एकाच मेजावरून मिळतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून ठरवून दिला. आपण त्या दिवशी बायबल फुलांनी सजवतो, मिरवणुकीने आणतो. सजवलेले बायबल सुंदर दिसते. पण वचनाचा खरा मान ते उघडल्यावर कळतो, आणि अवघड पान आल्यावर.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात आम्ही चौघांनी फादरांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपापल्या धर्मग्रामात, चर्चमध्ये, घरच्या प्रार्थनेत तुम्हालाही त्या उपयोगी पडतील असे वाटते.

पहिली गोष्ट, शनिवारी आम्ही रविवारची तिन्ही वाचने पूर्ण वाचतो आणि प्रत्येकाने एकच सांगायचे, मला यातले काय ऐकायचे नव्हते. काय आवडले हे विचारत नाही, ते आपोआप येते. नको वाटलेली ओळ सांगायला वेळ लागतो. पण वाचनपीठावर जाताना ती ओळ बरोबर असली की आवाज वेगळा येतो. आपण दुसऱ्यांना वाचून दाखवत आहोत असे राहत नाही.

दुसरी, पहिल्या वाचनापूर्वी आत असणे. आपल्याकडे पुष्कळ जण प्रतिसाद स्तोत्रापर्यंत पोहोचतात आणि मिस्सा मिळाली असे मानतात. आम्हीही बाहेर पार्किंगमध्ये उभे राहून कोणाला तरी फोन करत असतो. ज्याने वचन बोलणाऱ्याला दारात उभे केले, तो भाकरीसाठी मात्र वेळेवर येतो, हे बरे दिसत नाही.

तिसरी, प्रत्येक वाचनानंतर थोडी शांतता. आम्ही मनात सावकाश दहा आकडे मोजतो. सुरुवातीला लोकांना वाटले की पुढचा वाचक विसरला. आता सवय होत आहे. बी पडल्यावर लगेच त्यावरून चालू नये, एवढाच त्याचा अर्थ.

चौथी, समूहाच्या सभेत "मला" सोडून दुसरा शब्द नाही. "त्यांनी", "आजकालच्या मुलांनी", "पलीकडच्या वाड्यातल्यांनी" हे शब्द आले की चिंतन घेणारा हळूच हात वर करतो. सगळे हसतात, आणि बोलणारा पुन्हा सुरुवात करतो.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. वचन ऐकून जे करायचे सुचले, ते पुढच्या रविवारच्या आत करायचे, लहान का होईना. आमच्यातल्या एकाने भावाला फोन केला. भावाने उचलला नाही. दोन दिवसांनी पुन्हा केला. भावाच्या मुलाने उचलला आणि म्हणाला, "काका, बाबा शेतात गेलेत, सांगतो." एवढेच झाले आहे. पण पाच वर्षांत तेवढेही झाले नव्हते.

वर्षांचे चक्र फिरेल आणि हेच शुभवर्तमान पुन्हा आपल्यापुढे येईल. तेव्हा कोण कुठल्या बाकावर असेल, कोण असेल आणि कोण नसेल, ते देवालाच ठाऊक. अक्का असोत अशी आमची प्रार्थना आहे. पण आणखी तीन वर्षे वाट पाहत बसण्याची कोणालाच गरज नाही. ते पान आज घरी आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी संत मत्तयचा पाचवा अध्याय आज संध्याकाळी घरात मोठ्याने वाचावा, सतराव्या ओवीपासून सदतिसाव्या ओवीपर्यंत, मधले काही न सोडता. ज्यांच्या शेजारी डोळ्यांनी अधू झालेले कोणी असेल त्यांनी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन वाचावा. आणि वाचून झाल्यावर आपले स्पष्टीकरण न देता घरी यावे.

हे प्रभू, तू बहिऱ्याच्या कानांना स्पर्श करून ते उघडलेस. आमचे कान उघडे आहेत असे आम्हाला वाटते, म्हणून आम्ही तुझ्याकडे येत नाही. आमच्या पायवाटेच्या मातीत नांगर घाल. जे वचन आम्हाला आवडते त्यासाठी तुझे आभार मानतो, आणि जे आवडत नाही ते आमच्यापासून काढून घेऊ नकोस. ज्यांच्यापर्यंत तुझे वचन पोहोचायचे आहे, त्यांच्या आणि तुझ्या मध्ये आम्ही उभे राहिलो त्याची क्षमा कर. आमेन.